एकशे बारा नंबरचं सरपण

रविवार, ९ फेब्रुवारी
सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. कुंडीखाली तिसरी वीट सरकवत होतो.

दादा,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहायचा, हे तूच मला शिकवलंस. या वेळी नमस्कार उभ्यानेच करतो आहे. आडवं व्हायला खोलीत जागा उरलेली नाही, ती झुडपाने घेतली आहे.

तुझी चिठ्ठी बागेतल्या बॉयलरवाल्याने दाराखालून सरकवली आणि मी दार उघडायच्या आत जिना उतरून गेला. त्यालाही माझ्याशी बोलायला बंदी केलीस वाटतं. 'एकशे बारा नंबर शनिवारपर्यंत जाळून टाक आणि राख दाखव. साहेबांच्या कानावर गेलं आहे. घरी ये असं म्हणत नाही.' मी ती चार वेळा वाचली. चौथ्यांदा वाचूनही अर्थ तोच निघाला.

मी तुला आजवर कशालाही नाही म्हटलेलं नाही, म्हणून तो शब्द वेगळ्या ओळीत लिहितो.

नाही.

तू सगळ्यांना सांगत सुटला आहेस की धाकट्याने बागेत चोरी केली. तेव्हा झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे सांगताना तुझी गल्लत होणार नाही.

कोळसा परवडत नाही म्हणून काचघराचा पश्चिमेकडचा अर्धा भाग बंद झाला. तिथल्या झाडांतली मेलेली कोणती ते बघून त्यांना लाल फीत बांधायची, हे काम साहेबांनी तुला दिलं, कारण तू मुकादम. तू फांदीच्या टोकाची साल नखाने खरवडायचास. आत हिरवं दिसलं तर पुढे चालायचास, तपकिरी दिसलं तर फीत. मी तुझ्या मागून रंगाचा डबा घेऊन येत होतो. मेलेल्यांच्या पाट्या काढून, पुसून, पुन्हा वापरायला ठेवायचं काम माझं होतं. एकशे बाराची पानं सगळी गळली होती. टोकं तपकिरी होती. तू फीत बांधलीस. मी पाटी काढायला वाकलो आणि सहज मातीलगत खोडाची साल खरवडली, तर नखाएवढं हिरवं दिसलं आणि पांढऱ्या चिकाचा एक थेंब वर आला.

मी म्हटलं, "दादा, हे बघ."

तू ते बघितलं नाहीस. सहा माळी उभे होते, त्यांच्याकडे बघून म्हणालास, "डॉक्टर आले! झाडाची नाडी बघतात. बुटाची नाडी मात्र अजून वहिनी बांधून देते."

सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं मला अजून खुपतं.

मी म्हटलं, "फीत सोड ना."

तू म्हणालास, "मी एकदा बांधली की बांधली. आज तुझं ऐकलं तर उद्या जो तो आपलं नख घेऊन येईल."

ठीक आहे. पण बागेत आणखी एक नियम आहे, आणि तो तुझ्याही आधीपासून आहे. लाल फितीचं झाड म्हणजे सरपण, आणि सरपण नेईल त्याचं. उरेल त्याचा मशीनमध्ये भुगा. तुझ्या घरातली अर्धी थंडी दर वर्षी त्याच नियमावर निघते. जेवणाच्या सुट्टीत मी कोपऱ्यावरून हातगाडी भाड्याने आणली, कुंडीसकट झुडूप चढवलं आणि फाटकाशी आलो. पहारेकऱ्याने विचारलं, "काय आहे रे?" मी म्हटलं, "मेलेलं झाड." तो म्हणाला, "मग जा. मेलेल्याला पास लागत नाही." यात चोरी कुठे बसते ते मला दाखव.

आणि आता ज्यासाठी नेलं ते. एकशे बाराची पाटी माझ्या अक्षरातली आहे. 'उष्ण प्रदेशातील जंगल. झुडूप. फुले पांढरी.' जुन्या पाटीवर होतं तसंच मी उतरवलं. ते फूल तू पाहिलेलं नाहीस, साहेबांनी पाहिलेलं नाही, झाड बागेत आल्यापासून एकोणीस वर्षांत कोणीच पाहिलेलं नाही. मी आठवीत शाळा सोडली. मला जे येतं ते एवढंच, की लिहीन ते बरोबर लिहीन. ती पाटी रंगवल्यापासून मला रोज वाटायचं की मी न बघितलेली गोष्ट तेलरंगाने लिहून ठेवली आहे.

मी गादीवाल्या बाईंच्या दुकानावरची खोली घेतली आहे. खाली कापूस सुकवायची भट्टी आहे आणि तिचं धुराडं माझ्या भिंतीतून वर जातं. भिंत चोवीस तास कोमट असते. झुडूप तिला टेकवून ठेवलं आहे. बागेत मी परत येणार नाही. बाईंकडे कापूस भरायचं काम लागलं आहे.

राख मिळणार नाही.

तुझा भाऊ


रविवार, १६ फेब्रुवारी
दुपारी तीन. वहिनी नुकत्याच गेल्या, त्यांचा कप विसळला.

दादा,

वहिनींना पाठवलंस. हे बरोबर नाही. माझ्याविरुद्ध तुझ्याकडे असलेलं सगळ्यात मोठं हत्यार तेच आहे.

त्यांनी जाड पांघरूण आणलं होतं. दारातच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही मला एकच सांगा. झाड मोठं की भाऊ?"

मी म्हटलं, "झाड सहा फूट दोन इंच. दादा पाच फूट सात."

त्या हसल्या आणि लगेच चिडल्या. "हसवू नका, मी भांडायला आले आहे." मग पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी मला ते सांगितलं, जे तू तीन ओळींत लिहिलं नाहीस. अर्धं काचघर बंद म्हणजे मुकादमही एकच राहणार. तू किंवा पूर्वेकडचा. साहेब मार्चअखेर ठरवणार. आणि पूर्वेकडचा बागभर विचारत फिरतो आहे की, ज्याला जिवंत आणि मेलेलं कळत नाही त्याच्या हातात उरलेली झाडं कशी द्यायची.

"एक्कावन्नाव्या वर्षी ते पुन्हा खताची गाडी ढकलणार का?" वहिनींनी विचारलं. "ज्यांनी तुम्हाला कडेवर घेऊन वाढवलं त्यांनी? आणि तेही कशासाठी, तर या काटकीसाठी?"

काटकी म्हणण्याला माझी हरकत नाही, दिसतं ते तसंच. दादा, मला भीती वाटते, हे तुला माहीत आहे. दार लावलं का ते मी तीनदा बघतो. वहिनी बोलत होत्या तेव्हाही मी दोनदा उठून कडी बघून आलो. पण तरीही मी नाहीच म्हटलं. तुझी मुकादमी राहावी म्हणून जिवंत झाड जाळायचं असेल, तर ते तू जाळ. माझ्या हाताने होणार नाही.

वहिनी उठल्या. जाताना त्यांनी सवयीने पाण्याचा तांब्या उचलला आणि कुंडीकडे वळल्या. खालून गादीवाल्या बाई ओरडल्या. त्यांना लाकडी फळ्यांतून सगळं ऐकू येतं. "ए कुंडीवाले! तो तांब्या खाली!"

ही त्यांची अट आहे. माझ्या पलंगाखाली त्यांच्या तयार गाद्यांची थप्पी आहे. थेंब गळला तर झाड आणि मी दोघे रस्त्यावर. म्हणून मी आठवड्याला एक पेला पाणी घालतो, चमच्याने, खोडाभोवती फिरवून. माती पापडासारखी झाली आहे. मला काळजी वाटते, पण दुसरा उपाय नाही.

वहिनी मला म्हणाल्या, "तुमचे दादा याला रोज दोन वेळा पाणी घालायचे. ताप असला तरी."

मी म्हटलं, "माहीत आहे."

पांघरूण ठेवून घेतलं आहे. रात्री ते झुडपावर असतं. वहिनींना सांगू नकोस.

तुझा भाऊ


रविवार, ९ मार्च
सकाळचे साडेआठ. ओल्या गाद्या उन्हात उलट्या करून वर आलो.

दादा,

आज मी चिडलेलो आहे आणि ते नीट अक्षरात लिहिणार आहे.

आधी झुडपाचं. गेल्या आठवड्यात फांद्यांच्या पेरांवर गाठी आल्या. मोहरीएवढ्या, हिरवट, प्रत्येक पेरावर चार-पाच. मला वाटलं कीड. कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवून मी एकेक गाठ पुसत बसलो. गेल्या नाहीत. तुला विचारावं असं वाटलं, कारण असल्या गोष्टी आजवर तुलाच विचारल्या आहेत. कागदही घेतला होता. मग नाही विचारलं.

गुरुवारी मी गाद्या पोचवायला गेलो होतो. परतलो तर बाई कंबरेवर हात ठेवून दारात उभ्या. पुढचं सगळं त्यांनी सांगितलं तसं लिहितो.

"तुझा भाऊ आला होता. हातात कुऱ्हाड. मी म्हटलं, वर कोणी नाही. म्हणाला, ज्याच्याकडे आलो तो वर आहे. मी अडवलं नाही, बाबा. कुऱ्हाडीला कोण अडवणार? वर गेला. मी खाली कान लावून बसले, आता घाव ऐकू येईल, मग येईल. आवाजच नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज आला फक्त. मग बऱ्याच वेळाने तो खाली आला, कुऱ्हाड नाही, हातात तुझी बादली. मला विचारतो, 'बाई, नळ कुठे आहे?' मी म्हटलं, कशाला? तर म्हणतो, 'माती बघितलीत का त्याची? माणूस आहे की कोण हा, पोराला पाणी नको का?'"

दादा, तू झाडाला 'पोर' म्हणालास. मी बाईंना दोनदा विचारून खात्री केली.

नळ दाखवायला बाई नको म्हणाल्या, तरी तू शोधलास. पुरी बादली ओतलीस. नंतर आणखी एक. कुऱ्हाड माझ्या दाराआड विसरून निघून गेलास. पंधरा मिनिटांत चार गाद्या खालपर्यंत भिजल्या. त्यांतल्या दोन दवाखान्याच्या होत्या.

बाईंनी मला घालवलं नाही, त्याचं कारण मी त्यांच्यासमोर रडलो. हे तुला कळावं असं मला वाटत नव्हतं, पण पत्रात गाळलं तर पत्र खोटं होईल.

आता नीट वाच. झुडूप माझं आहे. त्याला किती पाणी द्यायचं ते मी ठरवणार. चुकलं तर ते माझ्या हातून चुकेल. तू मारायला आलास ते मी समजू शकतो. मारायला येऊन पाणी घालून गेलास, ते मी समजू शकत नाही, आणि खपवून घेणार नाही. तुझं हे नेहमीचं आहे. मला शाळेतून काढलंस आणि त्याच दिवशी नवे बूट आणलेस. बुटांसाठी मला तुझ्यावर नीट रागावताही आलं नाही. या वेळी मी रागावणार आहे.

कुऱ्हाड बॉयलरवाल्याबरोबर परत पाठवतो आहे. दांडा सैल झाला होता, तो पाचर मारून घट्ट केला आहे. यावरून काही समजू नकोस. सैल दांड्याची कुऱ्हाड कोणाकडेच असू नये.

तुझा भाऊ


रविवार, ३० मार्च
सकाळचे अकरा. खिडकी उघडी ठेवून बसलो आहे, खाली लोक थांबून वर बघतात.

दादा,

गेल्या शनिवारी जे झालं ते तुझ्यासमोरच झालं. तरी लिहून ठेवतो, कारण मी तुला ओळखतो. आणखी दोन महिन्यांनी तू म्हणशील, 'मी असं बोललोच नाही.'

तू पाणी ओतून गेल्यावर त्या गाठी फुगत गेल्या. मग लांब झाल्या. एका सकाळी जागा झालो तर खोलीत कोणीतरी आहे असं वाटलं. वास होता. सगळं झुडूप पांढरं झालं होतं. एक पान नाही, नुसती फुलं, पेरापेरावर झुबके. प्रत्येकाला पाच पाकळ्या, किंचित एका बाजूला वळलेल्या, मधे जरा पिवळसर. मी पलंगावरून उतरलो नाही. मग पाटीवरचं आठवलं आणि मोठ्याने म्हटलं, 'बरोबर आहे.'

दुपारपर्यंत वास खाली रस्त्यावर गेला. बाईंची गिऱ्हाइकं गादीऐवजी झुडपाचा भाव विचारायला लागली. बाई त्यांना सांगत, "झाड विकायचं नाही. गादीवर झोपा, वास फुकट." अशा गोष्टी लपत नाहीत. तिसऱ्या दिवशी साहेब आले. मागे हातगाडी, आणि हातगाडीमागे तू.

साहेब थेट झुडपापाशी गेले. चष्मा काढून एक फूल जवळून बघितलं. म्हणाले, "पुस्तकात वाचलं होतं. जंगलात हे आधी महिनोन् महिने कोरडं राहतं, पानं टाकतं. मग एक चांगली सर आली की फुलतं. आपण याला कधी तहानच लागू दिली नाही." मग मला विचारलं, "तू मुद्दाम कोरडं ठेवलंस?"

मी म्हटलं, "नाही साहेब. खाली गाद्या आहेत."

"आणि मग भरपूर पाणी कोणी घातलं?"

मी तुझ्याकडे बघितलं नाही. म्हटलं, "आगाऊ माणसाने."

साहेब हसले. मग हातगाडीकडे बोट करून म्हणाले, "चढवा. पूर्वेकडे जागा केली आहे."

मी झुडपापुढे उभा राहिलो. मी म्हटलं, "देणार नाही. लाल फितीचं सरपण नेईल त्याचं. हे मी नेलेलं आहे."

"सरपण?" साहेब म्हणाले. "याला फुलं आहेत, मुला. जिवंत झाड बागेचं असतं. मुकादम, सांगा याला."

इथून पुढे तुझे शब्द आहेत. एकही बदललेला नाही.

तू टोपी काढलीस. म्हणालास, "साहेब, हे मेलेलं आहे."

"काय?"

"मेलेलं. मी स्वतः तपासलं. फीत माझी आहे, अजून फांदीवर आहे, बघा. मी एकदा बांधली की बांधली."

गादीवाल्या बाई जिन्यात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मेलेल्याला वास येतो खरा, पण असा?"

साहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते तुला हळू आवाजात म्हणाले, "विचार करून बोला. हे मेलेलं म्हणालात तर ते याचं. पण मग तुमच्याबद्दल मला वर काय लिहावं लागेल? फुललेलं झाड समोर असताना ज्याला ते मेलेलं दिसतं, त्याला मी मुकादम ठेवू?"

"नका ठेवू साहेब," तू म्हणालास. "पण सरपण त्याचं आहे."

आणि रिकामी हातगाडी ढकलत तू गेलास. माझ्याकडे बघितलं नाहीस. फुलांकडेही नाही, पण दाराशी एक क्षण थांबलास आणि मोठा श्वास घेतलास. तो मी ऐकला.

वहिनी काल आल्या. म्हणाल्या, पूर्वेकडचा राहिला. तू पहिल्या तारखेपासून साधा माळी. मी विचारलं, "दादा काय म्हणाला?" त्या म्हणाल्या, "म्हणाले, गाडी ढकलायची सवय आहे मला. आणि म्हणाले, त्या पोराने तुला पत्र लिहिलं तर मला दाखवू नकोस." म्हणून हे पत्र मी वहिनींच्या नव्हे, तुझ्याच नावाने पाठवतो आहे.

मी आभार मानणार नाही. तू आभार मानून घेत नाहीस आणि मला ते नीट मानता येत नाहीत. घरीही येणार नाही, अजून नाही. साहेबांनी कलमासाठी फांदी मागितली आहे. मी कळवलं आहे की फांदी मिळेल, पण ती पश्चिमेकडच्या जुन्या मुकादमाच्या हातूनच लावली गेली पाहिजे, आणि पाणी किती ते मी लिहून देईन. तुला हे आवडणार नाही. तरी तसंच होईल.

खाली हिशेब आहे. तू आकड्यांत चूक काढतोस, म्हणून दोनदा मिळवला आहे.

झालेला खर्च:
हातगाडीचं भाडं, ४
विटा तीन, उकिरड्यावरच्या, फुकट
खोलीचं भाडं, दोन महिने, १८०
साबण (कीड समजून वाया), २
कुऱ्हाडीची पाचर, १
एकूण १८७, सगळा दिलेला.

देणं:
गादीवाल्या बाईंना चार गाद्यांचे ७२. पाणी तुझं, कुंडी माझी, म्हणून निम्मे निम्मे. माझे ३६ मी पगारातून फेडतो आहे. तुझे ३६ बाई तुझ्याकडून स्वतः घेणार आहेत, मी मधे पडणार नाही.

तुला: मुकादमीचा भत्ता गेला तो महिन्याला ६४, असं वहिनींकडून कळलं. त्यातले ३२ दर पहिल्या तारखेला बॉयलरवाला आणून देईल. परत पाठवलेस तर दुसऱ्या दिवशी पुन्हा येतील. हे विचारत नाही, कळवतो आहे.